इंडियानापोलिसच्या कल्चरल ट्रेलबद्दल माझी चूक

मंडळी, डाउनटाउनमधला कल्चरल ट्रेल, म्हणजे चालायचा आणि सायकलचा मार्ग, आपल्या प्रॉपर्टी टॅक्समधून झाला असा जो मेसेज फिरतोय तो मीच टाकला होता, न तपासता, आणि तो चुकीचा आहे. ट्रेलच्या संस्थेनेच दिलेला हिशोब नंतर वाचला, २०१३ ला पूर्ण झालेल्या मूळ ८ मैलांना ६.३ कोटी डॉलर लागले, त्यातले ३.५५ कोटी फेडरल, म्हणजे २०१० ची २.०५ कोटींची टायगर ग्रँट (वाहतूक प्रकल्पांसाठीचं केंद्र सरकारचं अनुदान) त्यातच आली, आणि उरलेले २.७५ कोटी देणग्यांचे, एकट्या ग्लिक दांपत्याचे दीड कोटी. शहराचा टॅक्स नाही. आता फेडरल पैसा पण शेवटी आपल्याच खिशातला, ते मान्य, पण ती ग्रँट वाहतुकीच्या कामासाठीचीच होती, शाळांचे पैसे वळवले वगैरे काही नाही. जुना मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर तिथे हा टाका.