‘नुसती एअर काढायला अख्खा दिवस?’ या रिव्ह्यूला गॅरेजचं उत्तर

नमस्कार सर,

वॉटर पंप बदलून नेल्यावर चौथ्याच दिवशी घाटात तापमानाचा काटा चढला, परत आणल्यावर ‘नुसती एअर काढायला’ आम्ही गाडी संध्याकाळपर्यंत अडकवली आणि वर रेडिएटरच्या टोपीचे पैसे लावले, असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या मुद्द्यात चूक आमचीच. पंप उतरवताना इंजिन थंड ठेवणारं 5 लिटर कूलंट निघालं, भरताना सव्वाचारच बसलं. उरलेल्या पाऊण लिटरच्या जागी हवा होती. दोन्ही आकडे जॉबकार्डवर होते. गाडी देण्याआधी ते कुणी ताडून पाहिले नाहीत.

ही हवा सर्वांत उंच जागी, म्हणजे हीटरच्या पाइपांत किंवा थर्मोस्टॅटपाशी (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह) जाऊन बसते. म्हणून आयडलला हीटर गार, रेस दिली की गरम, आणि डॅशबोर्डमागे खळखळ. तापमान मोजणारा सेन्सरच हवेत आला, तर इंजिन तापलेलं असूनही काटा खाली राहू शकतो. तुमचा निदान वर तरी गेला.

आता वेळेचं. गाडी तापलेली आली होती, आणि गरम रेडिएटरची टोपी आम्ही उघडत नाही. उसळलेल्या कूलंटने तोंड भाजतं. गार झाल्यावर पुढची चाकं रॅम्पवर चढवली, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात वर येतं. हीटर फुल गरमवर, फनेल लावून निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर सावकाश ओतलं. हवा बाहेर सोडणाऱ्या ब्लीड स्क्रूमधून बुडबुड्यांविना धार आल्यावर तो बंद केला. मग इंजिन चालू ठेवून रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दाबत राहिलो. थर्मोस्टॅट उघडला की फनेलमधली पातळी एकदम खाली जाते, तिथे पुन्हा भरावं लागतं. फॅन दोनदा लागून बंद झाल्यावर इंजिन बंद, पूर्ण गार, परत टॉपअप. हाताचं काम तासाभराचंच, बाकी सगळं गार होण्याची वाट. पहिल्या वेळी नेमकी हीच वाट पाहिली नव्हती.

बुडबुडे थांबेचनात, तर हेड गॅस्केटमधून (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग) इंजिनातला जळालेला गॅस कूलंटमध्ये येत असू शकतो. म्हणून निळ्या द्रवाची टेस्ट केली. गॅस असता तर तो पिवळा पडला असता, तुमचा निळाच राहिला.

टोपीचे पैसे मात्र योग्य आहेत. इंजिन गार होताना टोपीतला छोटा व्हॉल्व्ह रेडिएटरला जोडलेल्या कूलंटच्या बाटलीतलं कूलंट परत आत ओढू देतो. तुमच्या टोपीचं रबर कडक होऊन चिरलं होतं. ते कूलंटऐवजी हवा आत घेत राहिलं असतं आणि आठवड्याभरात तुम्ही पुन्हा इथेच आला असता. मजुरी दुसऱ्यांदा घेतलेली नाही.

आठवडाभर सकाळी गाडी गार असताना बाटलीतली पातळी पाहा. पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडी उतरली तर टॉपअप करा. नंतरही उतरत राहिली, तर कुठेतरी गळती आहे. घेऊन या, प्रेशर टेस्ट फुकट करून देऊ.