बिघाड कसा जोपासावा

वस्तू दुरुस्त करायला फारशी अक्कल लागत नाही. एक टेस्टर, एक स्क्रूड्रायव्हर आणि अर्धी मोकळी दुपार पुरते. खरी अक्कल लागते ती बिघाड टिकवायला. शंभर रुपयांच्या आतला दोष नीट सांभाळला तर तो तीन पावसाळे सहज काढतो, घरादाराच्या अंगवळणी पडतो आणि जाताना वस्तूलाही सोबत घेऊन जातो. मुंबईची हवा या कामी आपल्या बाजूने आहे: चार महिने दमट, उरलेले आठ खारट. नियम एकच पाळावा. दोष जिथे आहे ती जागा सोडून बाकी सगळीकडे हात लावावा.

श्रीगणेशा छताच्या पंख्यापासून करावा. पंखा रेंगाळू लागला की आधी व्होल्टेजला शिव्या घालाव्यात. मुंबईत घरगुती वीज देणारे चौघे: बेस्ट, अदानी, टाटा आणि मुलुंड-भांडुपकडे महावितरण. त्यामुळे शिवी नेमकी कोणाला द्यायची हे ठरवायला जुनं बिल शोधावं लागतं, आणि त्यात संध्याकाळ बरी जाते. शेजारच्या खोलीतला पंखा त्याच विजेवर गरगर फिरतोय, तिकडे बघू नये. मग रेग्युलेटर बदलून घ्यावा. इथे एक धोका संभवतो. कोणीतरी शहाणा सांगेल, की पाच नंबरवर रेग्युलेटर वाटेतून बाजूलाच होतो आणि पंख्याला थेट वीज मिळते; पाचावरही पंखा मरगळलेलाच असेल तर रेग्युलेटर निर्दोष आहे. अशा माणसाला चहा पाजून वाटेला लावावं.

कारण तो पुढे कंडेन्सरवर येणार. कंडेन्सर म्हणजे पंख्याच्या वाटीत काडेपेटीएवढी एक डबी असते ती, तिच्यातून दोन वायरी निघालेल्या, अंगावर २.५ मायक्रोफॅरड असं छापलेलं. काही पंख्यांत ३.१५. वर्षानुवर्षं छताखालच्या उकाड्यात बसून हा आकडा उतरत जातो. तो दीडाच्या आसपास आला की पंख्याला सुरुवातीचा जोर मिळत नाही आणि छत्रीच्या टोकाने ढकलल्यावरच पातं हलतं. कंडेन्सर लोहार चाळीत मिळतो, लॅमिंग्टन रोडला मिळतो, नाक्यावरच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानातही मिळतो. मेन बंद करून, शिडी लावून, त्याच आकड्याचा दुसरा जोडायला पंधरा मिनिटं लागतात. म्हणूनच हे करू नये. पलंगाशेजारी छत्री ठेवावी, आणि पाहुण्यांना पंखा कसा सुरू करायचा ते एकदा दाखवून द्यावं.

ज्यांची साधना पुढे गेली आहे त्यांनी २.५ च्या जागी ४ चा कंडेन्सर टाकावा. पंखा आठवडाभर विमानासारखा पळतो. आत मोटारीच्या वाइंडिंगमधून, म्हणजे गुंडाळलेल्या तारेतून, पेलवेल त्यापेक्षा जास्त करंट जाऊन ते भाजत असतं, पण वास यायला वेळ लागतो, आणि वास आला तरी तो खालच्या मजल्यावरच्या फोडणीचा आहे असं म्हणता येतं.

विजेच्या बोर्डाबद्दल दोन शब्द. पावसाळ्यात घरातली आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, जिला सगळे अजून ईएलसीबीच म्हणतात, वरचेवर पडू लागते. विजेची गळती ३० मिलीअँपिअरच्या आत असतानाच तिने पडावं अशी तिची रचना आहे. ती पडते म्हणजे कुठेतरी वीज नको त्या वाटेने जमिनीत उतरतेय: गीझरच्या कॉइलला भेग गेली असेल, नाहीतर गॅलरीतल्या वॉशिंग मशीनच्या सॉकेटात पावसाची झड शिरली असेल. गुन्हेगार शोधायची रीत इतकी सोपी आहे की मन घट्ट करून ती टाळावी लागते. सगळे एमसीबी, म्हणजे एकेका लाइनीचे स्विच, खाली करायचे, ईएलसीबी वर करायची, मग एकेक एमसीबी चढवायचा. ज्याला ती पडेल त्या लाइनीवरचे प्लग उपटून पुन्हा एकेक लावायचे. त्याऐवजी ती पडली की मुकाट्याने वर करावी, पुन्हा पडली की पुन्हा वर करावी. ‘ती डायरेक्टच करून टाक रे,’ असं वायरमनला सांगणारी थोर माणसंही या शहरात आहेत. त्यांच्या घरची वीज कधी जात नाही. जायचं ते दुसरंच काहीतरी जातं.

फ्रीजचा थ्री-पिन प्लग दोन भोकांच्या एक्स्टेंशन बोर्डात बसत नसेल तर वरची जाड पिन सरळ तोडून टाकावी. ती अर्थिंगची. बाकीच्या दोघींपेक्षा ती मुद्दाम लांब ठेवलेली असते, कारण वीज आत यायच्या आधी तिची जमिनीशी गाठ पडावी आणि प्लग उपसताना ती सगळ्यांत शेवटी सुटावी. एवढा विचार कोणीतरी केला आहे हे कळल्यावर तोडताना वेगळंच समाधान मिळतं. मग ओल्या हाताने फ्रीजचं दार धरलं की बोटांना मुंग्या येतात. ‘आमचा फ्रीज जरा झिणझिण्या देतो,’ असं पाहुण्यांना कौतुकाने सांगावं आणि दाराशी रबरी स्लिपर ठेवाव्यात. भाजीच्या ट्रेखाली पाणी साठत असेल तर रोज फडक्याने टिपावं. बऱ्याच फ्रीजमध्ये आत मागच्या भिंतीला खाली एक बारीक भोक असतं आणि त्यात कोथिंबिरीची काडी अडकलेली असते, ही माहिती बाहेर जाऊ देऊ नये.

एसीची गोष्ट निराळी. तिथे बिघाड जोपासायला माणूस पगारी ठेवता येतो. दर मार्चमध्ये एसीत गॅस भरून घ्यावा. गॅस काही पेट्रोलसारखा जळून जात नाही, बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळला. गळतो तो बहुधा नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटाच्या जोडातून, नाहीतर खाऱ्या हवेने कॉइलला पाडलेल्या सुईएवढ्या भोकातून. वरळी-वर्सोव्याच्या खिडकीबाहेर टांगलेल्या युनिटची कॉइल बघितली तर हवेने तिला कसं कुरतडलंय ते हाताला लागतं, पत्र्या पापुद्र्यासारख्या सुटून येतात. जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडा कुठे येतो ते बघायला सांगू नये. नुसता गॅस भरावा, पावती जपून ठेवावी, जूनमध्ये ती काढून भांडावं.

खोलीत पाणी टपकत असेल तर खाली बादली ठेवावी. ड्रेन पाइप शेवाळाने तुंबलाय का, मध्येच त्याला उलटा चढ पडलाय का, बाहेरचं टोक पाण्याच्या बादलीत बुडून आतली हवा कोंडलीय का, असल्या चौकशा करू नयेत. फिल्टर धुवायला तर मुळीच काढू नये. धूळ बसली की हवा अडते, कॉइलवर बर्फ धरतो आणि बर्फ दिसला की एसी जोरात चालतोय असं घरच्यांना वाटतं. २०२० पासून स्टार लेबलच्या एसीची मूळ सेटिंग २४ अंशांची ठेवणं बंधनकारक आहे. ती बघताच १६ करावी. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर २४ ला आणि १६ ला त्याच ताकदीने चालतो, आकडा फक्त थांबायचं कधी ते सांगतो. पण १६ दाबताना अंगठ्याला जो गारवा लागतो तो २४ ला लागत नाही.

आता घरून काम. त्यासाठी वीज गेल्यावर कॉम्प्युटर थोडा वेळ तगवणारा, ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस घेऊन टेबलाखाली, भिंतीला घट्ट चिकटवून ठेवावा आणि विसरून जावं. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते आणि घरातल्या उकाड्यात ती दोन-तीन वर्षांत दम टाकते. हिरवा दिवा मात्र तसाच लागलेला राहतो. महिन्यातून एकदा भिंतीवरचं बटण बंद करून किती मिनिटं निघतात ते बघितलं तर हे उघडकीस येतं, म्हणून बघू नये. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमाराला ग्रिड कोसळून मुंबईभर वीज गेली. लॉकडाऊनमुळे निम्मं शहर तेव्हा घरून मीटिंगला बसलेलं होतं. त्या दिवशी हिरव्या दिव्यांचा खरा अर्थ पुष्कळांना एकदम कळला, आणि दिवाळीपर्यंत विसरलाही गेला.

राउटर लोखंडी कपाटाच्या मागे, शक्यतो टीव्ही आणि मायक्रोवेव्हच्या मध्ये असावा. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि वायफायचा जुना पट्टा २.४ चा, त्यामुळे दुपारी एक वाजता डबे गरम व्हायला लागले की मीटिंगमधला साहेब अर्ध्या वाक्यात थिजतो. हे एरवी जमवून आणणं कठीण आहे. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा या भांडणात नसतो, पण तो भिंतीत लवकर दमतो; म्हणून राउटर बाहेरच्या खोलीत ठेवून त्याच पट्ट्यावर आतल्या खोलीत बसावं. २.४ मध्ये एकमेकांच्या अंगावर न जाणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि बिल्डिंगमध्ये राउटर दीडशे. एवढं जमलं की १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करून घ्यावा. बिल वाढतं, वेग वाढलाय असं काही दिवस वाटतं आणि कपाट जागच्या जागी राहतं.

ऑफिसात गेलात तर काम सोपं होतं, कारण तिथे बिघाड जोपासायला वेगळं खातं असतं. पावसात भिजून आलेली बोटं पंचिंगच्या मशीनवर टेकवावीत, मशीनने नाकारली की त्याच ओल्या बोटांनी काच पुसावी आणि पुन्हा टेकवावीत. काच रुमालाने आणि बोट पँटीला पुसलं तर लेट मार्क हुकण्याचा संभव असतो. जुन्या फाँटात टाइप केलेलं मराठी पत्र तसंच मेल करावं. समोर ते इंग्रजी अक्षरांची भेळ होऊन उघडतं आणि युनिकोडमध्ये पाठवा असा फोन येईपर्यंत दोन दिवस निवांत मिळतात.

एक्सेलमधल्या तारखांना मात्र मनापासून वेळ द्यावा. कॉम्प्युटरचं रीजन अमेरिकेचंच राहू द्यावं आणि आपल्या पद्धतीने दिवस-महिना-वर्ष लिहिलेली सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल, त्यात उघडावी. ०३/०४/२०२५, म्हणजे आपला ३ एप्रिल, एक्सेल ४ मार्च म्हणून गिळतं आणि हूं की चूं करत नाही. १३/०४/२०२५ ला तेरावा महिना सापडत नाही, म्हणून ती तारीख नुसता मजकूर होऊन सेलच्या डाव्या कडेला पडून राहते. गिळलेल्या तारखा उजव्या कडेला. एकाच रकान्यात काही डावीकडे, काही उजवीकडे, हे दिसलं की सगळा रकाना सिलेक्ट करून मध्यभागी आणावा. पुरावा नाहीसा होतो. मग मार्चअखेरचा अहवाल काढावा आणि एप्रिलच्या पहिल्या बारा दिवसांतली थकबाकी वर्षभर कशी विखुरली यावर बैठक बोलवावी.

बैठकीत लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावताच आवाज बंद होतो. तो भिंतीवरच्या स्क्रीनकडे गेलेला असतो आणि त्या स्क्रीनला स्पीकरच नसतो. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून आउटपुट बदलायचं सोडून सगळ्यांनी एकेकदा ‘ऐकू येतंय का?’ विचारावं. त्याच खोलीतल्या आणखी कोणी आपल्या लॅपटॉपवरून मीटिंगला लागून माइक चालू ठेवला तर प्रत्येक प्रश्न चार वेळा ऐकू येतो आणि चर्चा झाल्यासारखी वाटते.

उरला प्रिंटर. कागदाची रीम जूनच्या पहिल्या आठवड्यात फोडून खिडकीपाशी उघडी ठेवावी. कागद दमट हवा पिऊन कडेला वळतो, दोन-तीन पानं एकमेकांना धरून आत जातात आणि अडकतात. अडकलेला कागद मागचं दार उघडून, तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने हलकेच ओढला तर अख्खा येतो. पुढून हिसका द्यावा, म्हणजे नखाएवढा तुकडा आत राहतो; तो बाहेरून दिसत नाही आणि सेन्सरला दिसत राहतो. कागद उचलणारा रबरी रोलर गुळगुळीत झाला असेल तर ओलसर फडक्याने पुसल्यावर त्याला पुन्हा पकड येते. त्याला हात लावू नये, कारण त्या कामाचं तिकीट आयटीकडे टाकायचं असतं. ट्रे भरलेला असूनही ‘कागद घाला’ असा दिवा लुकलुकत असेल तर समजावं की कोणीतरी अमेरिकन लेटर मापाची फाइल पाठवली आहे, २१६ बाय २७९ मिलिमीटरची, आणि बिचारा प्रिंटर २१० बाय २९७ च्या ए-फोरवर बसून तिची वाट पाहतोय. आणखी ए-फोर घालत राहावं.

आणि हा लेझर प्रिंटर यूपीएसवर असावा. टोनर वितळवून कागदावर बसवणारा फ्युजर तापताना कैक शे वॉट मागतो, ६०० व्हीएच्या यूपीएसची पोच ३६० वॉटच्या आसपास. मग यूपीएस लांबलचक शिट्टी मारून शेजारच्या दोन कॉम्प्युटरांसकट बसतो. शिट्टी थांबली की प्रिंटरवर ‘प्रिंटर बंद आहे’ अशी चिठ्ठी चिकटवावी. ठळक अक्षरात, मधोमध, ए-फोरवर, त्याच प्रिंटरवर छापलेली.