मिशा कापलेलं वटवाघूळ

माझ्या बॅट फ्लॉवरच्या मिशा कापल्या गेल्या. कात्री माझीच. चालवली शेजारच्या काकूंनी, आणि तीही चांगुलपणानं. मी गावाला जाताना कुंड्यांना पाणी घालायची किल्ली त्यांच्याकडेच दिली होती.

"जाळी काढली बघ सगळी. कोळ्यांनी नुसतं थैमान घातलं होतं."

"काकू, त्या फुलाच्या मिशा होत्या."

"फुलाला मिशा?"

"हो. दोन फुटांपर्यंत वाढतात."

"मग फूल कुठंय?"

"हे काय, समोर."

"हे? हे तर करपलंय! खुडणारच होते, पण म्हटलं तुला विचारावं." म्हणजे वर उपकार!

"करपलं नाही, रंगच तो. काळपट जांभळा."

"अरे, उन्हात ठेव. कसा गुलाबी रंग चढतो बघ. आणि हे दोन काळे कान कसले?"

कान नव्हेत, ती छदं, म्हणजे फुलांजवळची रूप बदललेली पानं. वटवाघळाच्या पंखांसारखी उभी राहतात ती. खरी फुलं मधल्या झुबक्यात लपलेली असतात आणि मिशाही छदांचाच प्रकार. हे सगळं सांगेपर्यंत काकूंनी एक पान दोन बोटांत चोळून "मेण लावतोस का?" विचारलं होतं.

बॅट फ्लॉवर, शास्त्रीय नावानं टाक्का शान्त्रिएरी, हे आग्नेय आशियाच्या दमट जंगलातलं, कोनफळाच्या कुळातलं झाड. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं. थेट ऊन लागलं की पानांवर भाजल्याचे डाग पडतात, ते पुन्हा हिरवे होत नाहीत. गाळलेला उजेड द्यायचा, शेडनेट असेल तर ७० टक्क्यांच्या आसपासचं. माती तर घट्ट नकोच: पानांचं कुजलेलं खत, सालीचे तुकडे आणि परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) समान भाग. कंदाचं टोक मातीच्या वरच ठेवायचं. पुरलं की कुजतं. वाढीच्या दिवसांत वरची इंचभर माती सुकली की पाणी, दर पंधरा दिवसांनी निम्म्या मात्रेत पातळ खत. थंडीत झाड सुस्तावतं, तेव्हा हात आखडायचा. बहुतेक टाक्का थंडीनं नव्हे, थंडीत प्रेमानं घातलेल्या पाण्यानं मरतात. पारा १२ अंशांखाली जायच्या आत कुंडी घरात. पानांच्या कडा तपकिरी पडल्या तर हवा कोरडी आहे किंवा पाण्यात क्षार जास्त आहेत. गोगलगायींना कोवळी पानं फार आवडतात, त्यांना रात्री बॅटरी घेऊन वेचावं लागतं.

बी लावायचं तर चिकाटी हवी. कोमट पाण्यात दिवसभर भिजवून, २५ ते ३० अंशांच्या उबेत ठेवलं तरी महिन्यात उगवेल किंवा नऊ महिन्यांत. त्यापेक्षा वसंतात कंद विभागावा. प्रत्येक तुकड्याला डोळा हवा, कापलेली जागा सुकू द्यावी.

गंमत म्हणजे हा सगळा थाट माश्यांना भुलवायला असावा अशी समजूत होती. चीनच्या युनान प्रांतात अभ्यासकांनी पाहिलं तर झाड बहुतेक वेळा स्वतःच स्वतःचं परागीभवन उरकतं. म्हणजे मिशांवाचून त्याचं काही अडत नाही. माझं अडतं. कापलेल्या मिशा परत फुटत नाहीत आणि पुढची कळी कधी येईल ते कंदाच्या मर्जीवर.

काकू जाताना दारात थांबल्या.

"एवढं नाजूक असेल तर मला एक तुकडा दे बाई त्याचा. माझ्या गच्चीत बघ कसं फोफावतं."

गच्चीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन असतं.