‘एजंट’ म्हणणाऱ्या वाचकास

महोदय,

आपल्या इंदुरात छोट्या हॉलमध्ये गाण्याचा जाहीर कार्यक्रम करायचा तर कोणकोणते परवाने काढावे लागतात, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की चाळीस माणसांच्या मैफलीला कसलं आलंय लायसन्स, गणपतीत दहा दिवस वाजतं तेव्हा कुणी विचारत नाही, फी किती तेही दिलेलं नाही, आणि ‘तुम्ही त्या रॉयल्टीवाल्यांचे एजंट दिसता.’

फीचा आकडा द्यायला हवा होता, मान्य. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीला दरपत्रक जाहीर करावंच लागतं. तिच्या साइटवर बघून घ्या.

आता एजंट. भिया, हा शब्द किती सहज टाकलात! माझे वडील मिलमध्ये साच्यावर होते आणि संध्याकाळी पेटी वाजवायचे. अनंत चतुर्दशीला मिलची झांकी, म्हणजे चित्ररथ, निघाली की रात्रभर गाडीवर बसून वाजवायचे आणि पहाटे घरी यायचे ते सुजलेली बोटं आणि एक नारळ घेऊन. पैसे मागायची रीत नव्हती. वाजवणाऱ्याला, लिहिणाऱ्याला त्याचं देणं मिळावं असं मला वाटतं ते त्या नारळामुळे, कुणाच्या कमिशनमुळे नाही. त्या घरात वाढलेल्याला तुम्ही एजंट म्हणता, तेही चार ओळी खरडून!

‘जुनी गाणी तर सगळ्यांचीच’ असंही तुम्ही म्हणता. गदिमा १९७७ साली गेले. गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत जिवंत आहे. तुमच्या मैफलीत तबलजीला पाकीट, साउंडवाल्याला अ‍ॅडव्हान्स, चहावाल्यालाही रोख. ज्याच्या ओळीवर टाळी पडली, त्याचा वाटा मागणारा तेवढा खंडणीखोर? गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला आपला वाटा कंपनीला लिहून देऊन मोकळं होता येऊ नये, म्हणून २०१२ मध्ये कायदा बदलावा लागला. का बदलावा लागला, याचा जरा विचार करा. तो वाटा गोळा करणारी संस्था आयपीआरएस, आणि मला तिथून दमडी मिळत नाही. उलट आमच्या हॉलचे पैसे मीच भरतो.

चाळीस माणसांचं म्हणाल, तर हौशी मंडळानं बिनपैशाच्या श्रोत्यांपुढे केलेल्या कार्यक्रमाला कायद्यातच सूट आहे. लेखाच्या शेवटी लिहिलंय; तिथवर पोचलाच नाहीत त्याला मी काय करू? आणि देणगी प्रवेशिका छापल्यावर श्रोते बिनपैशाचे कसे राहतील, हे तुम्हीच सांगा.

गणपतीचं तर सोडाच. धार्मिक विधीला कॉपीराइटची सूट आहे, पण लाउडस्पीकरला लेखी परवानगी सगळ्यांनाच लागते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, कालचे नाहीत. कुणी विचारत नाही? आमच्या अंगणातल्या कार्यक्रमात एकदा विचारलं. आयोजकांकडे अर्जाची प्रत होती, तिच्यावर पोलीस थान्याचा, अर्ज मिळाल्याचा आवक शिक्का, आणि तीच परवानगी समजून सगळे निर्धास्त. गाणाऱ्या बाईंनी भैरवी उचलली तेवढ्यात शिपाई मिक्सरपाशी येऊन उभा राहिला. कागद उलटापालटा करून पाहिला. टीआयची, म्हणजे थान्याच्या प्रमुखाची, सही कुठेच नव्हती. एक शब्द न बोलता त्यानं साउंडवाल्याला बोटानं ‘खाली’ अशी खूण केली. उरलेली भैरवी बिनमाइकची झाली, मागच्या दोन रांगांना तर ऐकूच गेली नाही. त्या दिवसापासून आवक शिक्का आणि परवानगी हे दोन वेगळे कागद आहेत, हे मी दिसेल त्याला सांगत सुटतो. याला तुम्ही घाबरवणं म्हणत असाल तर म्हणा.

मत पटलं नाही तर पुन्हा जरूर लिहा, पण नावानिशी. खाली नुसतं ‘एक जुना इंदूरकर’ लिहिलंत. जुने इंदूरकर इथे आम्ही सगळेच आहोत.