४५ दिवसांची सचोटी
कंपन्यांमध्ये नीतिमत्तेचे वर्ग भरवल्यास व्यवसायातील निर्दयता कमी होईल, हे एका लेखातील मत वाचून मला भोसरीतील माझ्या छोट्या वर्कशॉपचे दिवस आठवले. ज्या कंपनीला आम्ही सुटे भाग पुरवत होतो, तिच्या स्वागतकक्षात ‘सचोटी’ हा शब्द पितळी अक्षरांत लावलेला होता आणि त्याच्याच खाली बसून मी थकलेल्या बिलाची वाट पाहत असे. चहा मात्र वेळेवर मिळे, हे कबूल केले पाहिजे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. मागता येते, एवढेच. कारण जो मागतो त्याला पुढची ऑर्डर मिळत नाही, हा अलिखित नियम चाकणपासून हिंजवडीपर्यंत सर्वांना पाठ आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे नफ्यातील २ टक्के समाजकार्यावर खर्च करताना त्याच कंपनीने आमच्या भागात झाडे लावली आणि टाळ्या वाजवायला आम्हा पुरवठादारांना अगत्याने बोलावले. त्या दिवशी माझ्या बिलाला सातवा महिना लागला होता. डोहाळजेवण तेवढे राहिले.