दोस्त राष्ट्रांपैकी खरा विजेता निवडताना

दुसऱ्या महायुद्धात हिटलरला खरे कोणी हरवले, याचा निकाल देण्याची जबाबदारी कधी ना कधी आपल्यावर येणारच आहे. तेव्हा पहिली सूचना नीट लक्षात ठेवावी: निकाल आधी ठरवावा आणि पुरावे मागाहून गोळा करावेत, म्हणजे नको असलेले पुरावे वाटेत आडवे येत नाहीत. आपला ओढा मॉस्कोकडे असेल तर मेलेली माणसे मोजावीत. वॉशिंग्टनकडे असेल तर ट्रक मोजावेत. लंडनकडे असेल तर मोजमापाच्या फंदात न पडता १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटन हिटलरसमोर एकटा कसा पाय रोवून उभा होता, हे दाटल्या कंठाने सांगावे. त्या एकटेपणात हिंदुस्थान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका हेही सामील होते, हे मात्र सांगू नये, कारण मग एकटेपणाची शोभा जाते.

अशा मार्गदर्शनाची गरज मला अलीकडेच पटली. एका वाचनालयाने भरवलेल्या परिसंवादात ‘महायुद्धाचा खरा विजेता कोण?’ या विषयावर बोलण्यासाठी मला बोलावणे आले होते. जर्मन सैन्याचा कणा सोव्हिएत सैन्याने मोडला, असे मी म्हणताच पहिल्या रांगेतील एका गृहस्थांनी शेजाऱ्याच्या कानात, पण साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात, ‘लाल आहेत’ असे माझे निदान केले. तेच सैन्य पुढे बर्लिनपर्यंत गेले ते बऱ्याच अंशी अमेरिकी ट्रकांच्या जोरावर, हे पुढचे वाक्य पुरे होते न होते तोच अमेरिकेकडून मला काय मिळते, अशी मागच्या रांगेतून विचारणा झाली. अध्यक्षांनी समारोपात ‘वक्त्यांनी ठाम भूमिका घेतली असती तर बरे झाले असते’ असे म्हणून माझ्या हातात नारळ ठेवला. ठाम भूमिका कशी घ्यावी याचा मी तेव्हापासून अभ्यास करतो आहे, आणि त्या अभ्यासाचे फळ आपल्यापुढे ठेवतो आहे.

युद्ध केव्हा सुरू झाले हे ठरवण्याचा अधिकार वापरायला विसरू नये. सोव्हिएत पक्षाच्या वकिलाने ते २२ जून १९४१ च्या पहाटे, हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला तेव्हा, सुरू करावे. खुद्द मॉस्कोनेही तेच केले आहे. असे केले, की २३ ऑगस्ट १९३९ चा हिटलर-स्टालिन करार, १७ सप्टेंबरला पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरलेले लाल सैन्य, ब्रेस्त-लितोव्स्कमध्ये जर्मन आणि सोव्हिएत अधिकाऱ्यांनी शेजारी शेजारी उभे राहून पाहिलेले संचलन, १९४० मध्ये सोव्हिएतांनी कातिनच्या जंगलात आणि अन्यत्र गोळ्या घालून पुरलेले सुमारे २२,००० पोलिश कैदी, आणि हल्ल्याच्या रात्रीपर्यंत जर्मनीकडे जात राहिलेले सोव्हिएत धान्य व तेल, हे सगळे युद्धपूर्व किरकोळ बाबींच्या सदरात जाऊन पडते. पाश्चात्त्य पक्षाच्या वकिलाने १ सप्टेंबर १९३९ हीच, हिटलर पोलंडमध्ये घुसला ती तारीख धरावी, म्हणजे त्याच्या वर्षभर आधी म्युनिकमध्ये ब्रिटन आणि फ्रान्सचे पंतप्रधान चेंबरलेन आणि दलादिए यांनी चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरच्या हवाली केला, ती हकिकत पहिल्या पानाच्या अलीकडेच राहते. अमेरिकाभक्तांना तर ७ डिसेंबर १९४१ च्या, म्हणजे पर्ल हार्बरवरील जपानी हल्ल्याच्या, पूर्वी जगात काही घडलेच नाही, असे मानण्याची मुभा आहे. ७ जुलै १९३७ पासून जपानशी लढणाऱ्या चीनची तारीख धरण्याचा आग्रह कोणीच करत नाही, त्यामुळे ती पाठ करण्याचे कारण नाही.

शरणागती ८ मेची की ९ मेची, यावरून आवाज अवश्य चढवावा. फरक बर्लिनच्या आणि मॉस्कोच्या घड्याळांतला आहे, हे मनात ठेवावे.

अमेरिकेने लेंड-लीज कायद्याखाली सोव्हिएत संघाला दिलेल्या मालाची यादी वॉशिंग्टनच्या बाजूने बोलणाऱ्याने लग्नातल्या आहेराच्या यादीसारखी खणखणीत वाचावी: ४ लाखांहून अधिक ट्रक आणि जीप, २,००० च्या घरात रेल्वे इंजिने, सुमारे दीड कोटी जोड बूट, डब्यांतले मांस, विमानांचे इंधन. मात्र यातला बहुतेक माल १९४३ मध्ये आणि त्यानंतर पोहोचला, आणि जर्मनांना मॉस्कोच्या वेशीवरून मागे रेटण्याचे काम १९४१ च्या डिसेंबरातच झाले होते, ही तारखांची भानगड मध्येच काढू नये. मॉस्कोच्या बाजूने बोलणाऱ्याने हीच यादी हसण्यावारी न्यावी. पश्चिमेकडून उघडायची दुसरी आघाडी लांबतच राहिली, तेव्हा मांसाच्या त्या डब्यांनाच लाल सैनिक उपहासाने ‘दुसरी आघाडी’ म्हणत, हा किस्सा जरूर सांगावा. १९४३ च्या नोव्हेंबरात तेहरानला, चर्चिलच्या वाढदिवसाच्या मेजवानीत, अमेरिकी यंत्रे नसती तर आपण हे युद्ध हरलो असतो, अशा आशयाची कबुली खुद्द स्टालिनने दिली होती, हा किस्सा सांगू नये. तो माल पोहोचवणाऱ्यांचे काय झाले, हा प्रश्न दोन्हीकडे अप्रस्तुत मानला जातो. १९४२ च्या उन्हाळ्यात आइसलँडहून अर्खांगेल्स्क या सोव्हिएत बंदराकडे निघालेल्या पीक्यू-१७ या ताफ्याला लंडनहून पांगण्याचा हुकूम गेला, संरक्षक युद्धनौका माघारी फिरल्या, आणि ३५ मालवाहू जहाजांपैकी २४ जहाजे पाणबुड्यांनी आणि विमानांनी एकेक गाठून बुडवली. इराणमार्गे जाणाऱ्या पुरवठ्याच्या वाटेवर हिंदी सैन्याची माणसे राबत होती. त्यांतल्या दोघांना सोव्हिएत सरकारने ‘रेड स्टार’ हा सन्मान दिला. असल्या तपशिलांनी वादाची धार बोथट होते, म्हणून ते टाळलेलेच बरे.

जून १९४४ म्हटल्यावर पाश्चात्त्य फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या ती नॉर्मंडी आठवावी, की त्याच महिन्यात सोव्हिएत सैन्याने जर्मनांवर चढाई केली तो बायलोरशिया (आजचा बेलारूस), हे आपण कोणाचे चित्रपट पाहत मोठे झालो, त्यावर सोपवावे. फ्रेंचांनी ही वाट आधीच चोखाळली आहे. जर्मनीच्या पराभवात सर्वांत मोठा वाटा कोणाचा, असे १९४५ च्या मे महिन्यात विचारले असता त्यांच्यातील ५७ टक्के लोकांनी सोव्हिएत संघाचे नाव घेतले होते आणि २० टक्के लोकांनी अमेरिकेचे. २००४ मध्ये हाच प्रश्न विचारला तेव्हा ५८ टक्के अमेरिकेच्या बाजूने होते आणि २० टक्के सोव्हिएत संघाच्या. मधल्या काळात १९४५ पूर्वीची एकही लढाई कोणी नव्याने लढलेली नव्हती.

आता सर्वांत हुकमी अस्त्राकडे येऊ. ते म्हणजे मृतांची संख्या. सोव्हिएत संघाचे २ कोटी ७० लाख, अमेरिकेचे आणि ब्रिटनचे प्रत्येकी ४ लाखांच्या आसपास. हे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहावेत, मोठ्या आकड्याभोवती वर्तुळ काढावे आणि खाली बसावे. टाळ्या हमखास मिळतात. त्या २ कोटी ७० लाखांत तीन माणसांमागे दोन सैनिक नव्हतेच, हे फळ्यावर मावत नाही. त्यांत लेनिनग्राडच्या ८७२ दिवसांच्या वेढ्यात पावाच्या तुकड्यासाठी रांगेत उभे असताना कोसळलेली माणसे आहेत, खंदकांच्या काठावर उभे करून गोळ्या घातलेले ज्यू आहेत, लोकसंख्येचा सुमारे चौथा हिस्सा गमावलेला बेलारूस आहे, युक्रेन आहे, कझाकस्तान आहे. आपण मात्र त्या सगळ्यांना सरसकट ‘रशियन’ म्हणून एकाच खात्यात जमा करतो. त्यांत जर्मन छावण्यांमध्ये उपासमारीने, रोगांनी आणि गोळ्यांनी मारले गेलेले ३० लाखांच्या आसपास युद्धकैदी आहेत, आणि त्या छावण्यांतून जे जिवंत परतले त्यांना मायदेशी संशयित म्हणून वागवले गेले. १९३७-३८ मध्ये स्वतःचेच सेनापती मारून टाकणारा आणि हल्ल्याची सूचना मागून सूचना येत असताना ती थापेबाजी आहे असे म्हणत बसलेला राज्यकर्ता या मृत्यूंच्या एका भागाला तरी जबाबदार आहे की नाही? आपल्या वादात तर त्याच्याच पदरात ते मृत्यू श्रेय म्हणून टाकले जातात. याच्या उलट बाजूचे वकील आणखी थोर. ‘त्यांना माणसाच्या जिवाची किंमत नव्हती, आमच्यांनी यंत्रे वापरून माणसे वाचवली,’ असे ते म्हणतात, जणू ही बचत निव्वळ शहाणपणातून झाली. जर्मन सैन्याची जी माणसे या युद्धात मेली त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश पूर्वेच्या आघाडीवर मेली. नॉर्मंडीच्या वाळूवर उतरणाऱ्या त्या पोराला समोर जितके जर्मन भेटले तितकेच भेटले, याचे एक कारण बाकीचे कुठे अडकले होते, हे आहे. त्याचे शौर्य याने कमी होत नाही. पण कोणाचे तरी शौर्य कमी झाल्याशिवाय आपल्याला दुसऱ्याचे दिसतच नाही, त्याला काय करणार?

पापांच्या बाबतीत एवढेच, की समोरच्याने कातिन म्हटले की इंग्रज-अमेरिकी बॉम्बफेकीत जळालेले ड्रेस्डेन म्हणावे, आणि हिरोशिमा म्हटले की वॉर्सा.

वॉर्साचा उल्लेख आलाच आहे तर पोलंडविषयी थोडे. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत लढलेल्या, एनिग्मा या जर्मन सांकेतिक यंत्राचे कोडे १९३२ मध्येच फोडणारे गणिती देणाऱ्या आणि ब्रिटनच्या आकाशात जर्मन विमाने पाडणारे वैमानिक पुरवणाऱ्या या दोस्ताला एका दोस्ताने, म्हणजे सोव्हिएत संघाने, १९४४ मध्ये वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव झाला तेव्हा विस्तुला नदीच्या पलीकडे थांबून जळू दिले, आणि दुसऱ्या दोस्ताच्या राजधानीत, लंडनला, १९४६ साली विजयाचे संचलन निघाले तेव्हा पश्चिमेकडून लढलेले पोलिश सैनिक त्यात नव्हते. हे सारे फार दूरचे वाटत असेल तर कोल्हापूरला जावे. कपड्यांच्या खरेदीसाठी जिथे झुंबड उडते त्या गांधीनगरच्या परिसरात, वळिवडे येथे, १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांतल्या बहुतेकांना घरातून उपटून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकले होते ते हिटलरने नव्हे, स्टालिनने. हिटलरने स्टालिनवर हल्ला केल्यावर पोलंड एकाएकी मित्र ठरला, सुटकेचे कागद मिळाले, आणि त्या बायका-मुलांनी इराणमार्गे पंचगंगेचा काठ गाठला. परिसंवादात ‘लाल सैन्याने युरोप मुक्त केला’ असे ठणकावून सांगणारे वक्ते कोल्हापूरचेच होते.

आणि बंगाल? १९४२ मध्ये जपानी येतील म्हणून किनाऱ्यावरचा तांदूळ हलवला, नावा जप्त केल्या, आणि १९४३ मध्ये वीस-तीस लाख माणसे भुकेने आणि रोगांनी मेली. ती कोणत्या दोस्ताच्या खात्यात मांडणार आहात? चर्चिलभक्त त्यांचे नावच काढत नाहीत. चर्चिलद्वेष्टे काढतात, पण आपल्या बाजूचे कातिन झाकायला जेवढे लागते तेवढेच.

सूचना देण्याचा मला आता कंटाळा आला आहे. तुम्हाला शरम कशी वाटत नाही, एवढेच विचारायचे आहे. व्हाइसरॉय लिनलिथगोने ३ सप्टेंबर १९३९ रोजी तुमच्या आजोबांना न विचारता हा देश युद्धात ओढला. पंचवीस लाख माणसे सैन्यात गेली, सुमारे ८७,००० परत आली नाहीत, आणि तुम्ही त्या सभागृहात तासभर दोन परक्या राजधान्यांची फुकट वकिली करताना त्यांचा एका शब्दाने उल्लेख केला नाहीत. युद्ध एकट्याने कोणीच जिंकले नाही, हे शाळेतल्या पोरालाही समजते. तुम्हाला ते समजून घ्यायचे नाही, कारण मग शेजाऱ्याला हरवता येत नाही. माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी तुकडीतले सगळे साथीदार पडल्यावर एकट्याने मशीनगनवर धाव घेतली, काडतुसे भरायला वेळ उरला नाही तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने शेवटच्या दोघांना लोळवले, आणि त्याच जागी ते गोळी लागून मेले. नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांतून पाठीवर वाहून आणले, तीन मशीनगनची ठाणी एकट्याने उडवली आणि सेनिओच्या बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सेनिओ ही नदी आहे, आणि ती इटलीत आहे. मॉस्को आणि वॉशिंग्टनचे सगळे आकडे तोंडपाठ असलेल्या तुम्हा विद्वानांना हेही मीच सांगायचे काय?