‘प्रेत नाही तर खून नाही’ म्हणे!

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय: प्रेत सापडलं नाही तर खून सिद्ध होत नाही, बघणारा साक्षीदार नसेल तर शिक्षा नाही, आणि आरोपी सुटला की घरच्यांना दमडी मिळत नाही. तिन्ही विधानं चूक. तिसरं तर घातकच.

प्रेताचं आधी उरकतो. मेला असं समजलेला माणूस उद्या चालत परत आला तर काय, या धास्तीतून इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात सांगितलेली ही खबरदारी. ती कायद्याचा नियम नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रामा नंद खटल्यात स्पष्ट केलं. मृत्यू झाला हे इतर भक्कम पुराव्यानेही सिद्ध करता येतं.

साक्षीदाराच्या मुद्द्याला पुण्याच्याच डॉ. अनंत लागू याचा खटला पुरे. नोव्हेंबर १९५६. डॉक्टर आपल्या श्रीमंत विधवा रुग्णाला रात्रीच्या गाडीने मुंबईला घेऊन निघाला. सकाळी बाई बेशुद्धावस्थेत जी. टी. हॉस्पिटलात, आणि तिथेच गेल्या. डॉक्टरने त्यांचं नाव भलतंच सांगितलं. देह बेवारस पडून राहिला. रासायनिक तपासणीत विष मिळालं नाही, विष देताना कुणी पाहिलं नव्हतं. मग त्याला अडकवलं कशाने? खोट्या नावाने, बाई हयात आहेत असं भासवणाऱ्या पत्रांनी आणि हडपलेल्या मालमत्तेने. फाशी कायम झाली, तीही एका न्यायमूर्तींचं मत विरुद्ध असताना. म्हणजे हे काही सोपं काम नव्हे. अशा परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कुठेही तुटता कामा नये, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या सारडा निकालात मांडली गेली, आणि त्याच कसोटीवर सारडा खटल्यातला आरोपी सुटला.

आता पैशाचं. २०१३ मध्ये अंकुश गायकवाड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की भरपाईचा विचार प्रत्येक फौजदारी खटल्यात झालाच पाहिजे, आणि द्यायची की नाही याची कारणं निकालात लिहिली पाहिजेत. भांडण काय, तर शेतात कुत्र्याला पाइप मारला म्हणून पेटलेलं! गंमत अशी, की इतकी वर्षं उलटली होती म्हणून त्या प्रकरणात मात्र भरपाईसाठी खटला परत पाठवला नाही.

आणि आरोपी सुटला तर? त्यासाठी आहे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ३५७-अ, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३९६. निर्दोष सुटकेनंतरही, पुनर्वसनाची गरज दिसली तर न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं. आरोपी सापडलाच नाही आणि खटलाच चालला नाही, तर मृताच्या आश्रितांनी थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. हे पैसे आरोपीच्या खिशातले नसतात, शासनाच्या निधीतले असतात.

शिवाय १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली मारणाऱ्यावर भरपाईचा दिवाणी दावाही लावता येतो. तिथे संशयातीत पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं जड भरलं की पुरे. मुदत मात्र मृत्यूपासून दोनच वर्षं. खुनाचा खटला तेवढ्यात क्वचितच संपतो, म्हणून ‘आधी निकाल लागू दे, मग बघू’ म्हणत थांबलात तर हा दावा हातचा गेलाच म्हणून समजा.